विडीच्या पानांत लपवलेली गोळी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पैशासाठी सख्ख्या भावाला विहिरीत ढकलणारे महाभाग पाहिले. त्यातलं बरंचसं आता आठवतही नाही. हा एक प्रकार मात्र डोक्यातून जात नाही, आणि आठवला की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "निवृत्त झालात ना, सोडा की आता." सोडतो कसला! या प्रकरणात ना चाकू होता, ना पिस्तूल. सर्दी-तापावर कुणीही कुणालाही सहज देतो तसली एक गोळी होती, आणि ती एका बाईला तिच्याच घरच्यांच्या हातून, मायेनं, रोज दिली जात होती.

कोरोनाचा काळ होता. सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. आमची हद्द म्हणजे यंत्रमाग आणि विड्या. घरोघरी तेलुगू बोलणारी माणसं, पण व्यवहाराला मराठी अशी फर्मास की बार्शीकडचा मी ऐकत राहायचो. पुरुष मागावर, आणि बायका उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. सकाळी विडी कारखान्याच्या शाखेत रांग लावायची, वळलेल्या विड्या द्यायच्या, नवं पान आणि तंबाखू घ्यायचा आणि घरी यायचं. तिथल्या भाषेत कुणी 'काम मिळालं' म्हणत नाही, 'पान मिळालं' म्हणतात. पान बंद झालं म्हणजे चूल बंद झाली.

ठाण्याचं कामकाज त्या दिवसांत सगळंच उलटंपालटं झालं होतं. निम्मी माणसं बंदोबस्तावर. एका घरात रुग्ण निघाला की गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू रोवून पत्रे ठोकायचे, घरातल्यांना बसमध्ये घालून विलगीकरणात पाठवायचं, आणि पत्र्याबाहेर आमचा शिपाई उभा करायचा. आदेश होता, आम्ही पाळत होतो.

अशातच एके दिवशी सरकारी रुग्णालयातून एमएलसी आली. पोलिसांना कळवणं भाग असतं अशा रुग्णाची ती खबर. पस्तिशीतली विडी कामगार बाई, अंगभर फोड, तोंडात जखमा, विषबाधेचा संशय. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो आणि आमच्या महिला हवालदारांना बरोबर घेतलं. त्या त्याच भागात वाढलेल्या, तेलुगू पाण्यासारखी बोलणाऱ्या.

त्या बाईंना पाहिलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. चेहरा भाजल्यासारखा लाल, ओठांवर काळ्या खपल्या, डोळे चिकटून बंद. पाठीची कातडी चादरीला लागून निघत होती. जबाब कसला देणार, त्यांना थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती.

वॉर्डातल्या डॉक्टर वयाने लहान, पण स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "साहेब, यांना कोरोना नाही. तपासणी झाली आहे. मला हे विषही वाटत नाही. एखादं औषध अंगावर उलटलं की असं होतं. कुठलं औषध ते मला कळायला हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते बंद व्हायला हवं. चालू राहिलं तर कातडी अशीच सुटत जाईल आणि या हातच्या जातील."

"घरच्यांना विचारलंत?"

"रोज विचारते. काहीच दिलं नाही म्हणतात. आणि मला एक कळत नाहीये. इथे आणल्यावर हे थांबायला हवं होतं. पण वाढतंच आहे."

पलंगाशी सासूबाई होत्या. साठीच्या, कपाळाला कुंकू, पदर तोंडावर धरलेला. विचारलं तर म्हणाल्या, "कायबी दिलं न्हाय साहेब. देवाची शपथ, कायबी न्हाय."

नवरा बाहेर पायरीवर बसला होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. त्यानेही तेच सांगितलं. "कायबी दिलं न्हाय साहेब."

आयुष्यभर चौकशा करून मला एक कळलंय. ज्याला खोटं पचवायचं असतं, तो माणूस गोष्ट वाढवत नेतो, त्यात चुलत मामा आणतो, पाऊस आणतो. भ्यालेला माणूस मात्र एकच वाक्य धरून बसतो. ही दोघं भ्याली होती. कुणाला, ते मला कळेना. आमचा खाक्या दाखवून काही उपयोग नव्हता, उलट तोंड अजून मिटलं असतं. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन वाजला. ठाणे अंमलदाराने मला हाक मारली, "साहेब, बाई हाय कुनीतरी. नाव सांगत न्हाय, तुमच्याशीच बोलायचं म्हनती."

मी फोन घेतला. पलीकडून दबक्या आवाजात एका दमात आलं, "दवाखान्यात हाय ती, फोड आलेली, तिचं इचारत हुता न्हवं तुमी? शाखेत जावा. पानाच्या पुड्यात बघा. पानासंगं गोळ्या येत्यात. मी बी खाल्ल्यात, सगळ्यांनी खाल्ल्यात. माझं नाव घिऊ नका, पान बंद करतील." आणि फोन ठेवला.

मी दोन माणसं, पंच आणि हवालदारबाईंना घेऊन शाखेवर गेलो. बाहेर बायकांची रांग, अंतर राखून आखलेली पांढरी वर्तुळं, अगदी नमुनेदार. दारात मुनीम. पन्नाशीचा, पांढराशुभ्र शर्ट, मास्क हनुवटीखाली. विड्या तपासायच्या, पान-तंबाखू वाटायचा, हे त्याचं काम. कारखान्याचे मालक कुठे लांब राहायचे. या बायकांचा मालक हाच.

आत पाऊल टाकलं आणि मला शिंक आली. मग दुसरी, तिसरी. तंबाखूची बारीक धूळ हवेत भरून राहिलेली. मुनीम हसला. "साहेब, नवा मानूस हितं शिंकणारच. आमच्या बायका तर दिवसभर शिंकत्यात. तंबाखूच हाय ना."

एवढ्यात रांगेतली एक बाई शिंकली. मुनीम लगेच खेकसला, "ए अक्का, हो बाजूला! घरी जा. उद्या ये बरी होऊन." ती बाई विड्यांची टोपली उचलून निघाली.

मी त्याला विचारलं, "आत्ता तर म्हणालास तंबाखूने शिंका येतात. मग तिला का हाकललंस?"

"वरनं हुकूम हाय साहेब. विडी मानसाच्या तोंडात जाती. शिंकणारीची, तापवाल्या घरातली विडी घ्यायची न्हाय."

तंबाखूच्या धुळीत जन्म काढलेल्या बायका! त्यांची आई शिंकली, आजी शिंकली, कुणी त्याला आजार म्हटलं नाही. आता तीच शिंक गुन्हा ठरली होती आणि शिक्षा म्हणजे पान बंद. आणि शिक्षा देणाऱ्यानेच माफीचाही धंदा मांडला असणार, हे माझ्या तिथेच लक्षात आलं. मी रांगेतल्या पुढच्या बाईचा पानांचा पुडा उचलला आणि दोरी सोडली. पानांच्या मधोमध कागदाची पुडी निघाली. पुडीत पांढऱ्या गोळ्या. पाकिटाची पट्टी कात्रीने अशी एकेक कापलेली की नावाचं अक्षर कुठल्याच तुकड्यावर पूर्ण नव्हतं.

ती बाई घाईघाईने म्हणाली, "साहेब, मला बरं हाय. मला कायबी झालं न्हाय. ते आधीच घ्यायचं असतंय." आधीच! म्हणजे शिंक येण्याआधी, ताप येण्याआधी, आजाराचा पत्ता नसताना.

तराजूच्या टेबलाखाली खोकं सापडलं. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि मुनीमाला ठाण्यात आणलं. गडी तिथेही ताठ. म्हणतो कसा, "साहेब, मी तर सेवा केली. डाक्टर दारात उभं करत नव्हते. बायका रडत यायच्या. मी औषध दिलं. पैसं बी लगेच मागितलं न्हाय, मजुरीत वळतं केलं."

"कसलं औषध?"

"अँटिबायोटिक हाय की. भारी असतंय."

"नाव काय?"

"नाव माझा मेव्हणा जाणं. त्याचं मेडिकल हाय. आधी पिवळी देत हुता, ती संपली. मग पांढरी दिली."

पिवळी संपली म्हणून पांढरी! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणूस चपला घेतानासुद्धा पायात घालून बघतो. आणि हा बाबा गल्लीच्या गल्लीला गोळ्या चारत होता रंगावरून. बरं, डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की कोरोना विषाणूचा, आणि असली गोळी विषाणूवर काडीचंही काम करत नाही; ती जिवाणूंसाठी असते. म्हणजे नसलेल्या आजारावर न चालणारं औषध, आणि तेही विकत!

मी आवाज चढवला नाही. खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "दवाखान्यात आहे त्या बाईला किती दिलीस?"

"पंधरवडाभर घेती ती. नाक गळायचं तिचं. पान बंद हुईल म्हणून भ्यायची. पन साहेब, मी नीट सांगून देतो हां. कोर्स पुरा करायचा, मधी सोडायचा न्हाय. मधी सोडला तर आजार उलटा फिरतो. हे सगळ्यांना सांगतो मी, इचारा कुनालाबी." एवढं बोलून त्याने स्वतःची बाजू पक्की करायला अजून एक वाक्य जोडलं. "काल तिची सासू आली, पुडी संपली म्हनाली. मी दिली की दुसरी. नड हुती तिची."

मी ताडकन उठलो. सून वॉर्डात पडलेली. मग ही दुसरी पुडी कुणासाठी? डॉक्टर म्हणाल्या होत्या, थांबायला हवं होतं पण वाढतंय. हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं. मुनीमाला अंमलदाराच्या ताब्यात दिलं आणि जीप काढली. वॉर्डाला फोन लावत होतो, पण कुणी उचलत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई सुनेला पेज भरवत होत्या. एक हात मानेखाली, दुसऱ्या हातात चमचा, तोंडाने लहान लेकराला म्हणावं तसं काहीतरी पुटपुटणं. हवालदारबाई तेलुगूत अशा ओरडल्या की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. त्यांनी जाऊन चमच्याचा हात धरला. मी वाटी घेतली. तळाशी पांढरा चुरा बसला होता.

सासूबाईंना आधी काही कळल्यासारखं दिसेना. मग म्हणाल्या, "दोन दिवसाच्याच ऱ्हायल्यात साहेब. तिला गिळता येत न्हाय म्हनून मी कुटून घालते. मधी सोडलं तर उलटं फिरतंय."

हवालदारबाईंनी त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या भाषेत समजावलं की हे सगळं या गोळीनेच झालंय. त्यावर त्या माउलीने जे कपाळ बडवून घेतलं, ते मला अजून दिसतं. "अय्यो, माज्या हातानं घातलं की मी! माज्या हातानं!"

डॉक्टर धावत आल्या. उरलेली पुडी आम्ही त्यांच्या हातात दिली. नाव अजून कळायचं होतं, पण गोळी बंद झाली होती, तेच मोठं काम होतं. मी सासूबाईंशेजारी स्टुलावर बसलो. मला रागवायचं होतं आणि कुणावर रागवावं ते कळत नव्हतं. म्हणालो, "आजी, डॉक्टर रोज विचारत होत्या. का नाही सांगितलं?"

त्यांनी डोळे पुसले. "कसं सांगू? गोळी दिली म्हनलं की म्हनतील ताप हुता. ताप हुता म्हनलं की गल्लीला पत्रे. पत्रे ठोकले की समद्या गल्लीचं पान बंद. शेजारच्या बायका मला जगू देतील का? एका घरामुळं मागं पत्रे लागले हुते, त्या घराशी आजून कोन बोलत न्हाय. त्यांच्या पोराला कारखान्याच्या दारात उभं करत न्हाईत. एक गोळी घेतली की कुनाला कळत न्हाय साहेब."

मेव्हण्याला त्याच दिवशी दुकानातून उचललं. पदवी भिंतीला लावलेली, हार घातलेला. गोळी सल्फा गटातलं एक जुनं अँटिबायोटिक निघाली. मुदत संपत आलेला माल दुकानात पडून होता. औषध निरीक्षकांनी साठा सील केला. हा सुशिक्षित माणूस मला म्हणतो, "साहेब, लोकच मागतात. मी नाही दिली तर शेजारचा देतो." चोर तर चोर, वर शिरजोर! मी विचारलं, "लोक उद्या एंड्रिनसारखं विष मागतील, देणार का?" पट्टीवरचं नाव का कापलं, ते मी दोघांनाही विचारलं. नाव कळलं तर लोक परस्पर दुसरीकडून घेतील आणि गिऱ्हाईक तुटेल, हे शेवटी मुनीमाने कबूल केलं. त्या कापलेल्या नावापायी डॉक्टर इतके दिवस अंधारात चाचपडत होत्या.

माझ्या सोसायटीत एक प्राध्यापक राहतात. वर्तमानपत्रात बातमी आली तशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "काय हो हे अडाणी लोक! कुणीही काहीही देतं आणि खातात." मी म्हटलं, "सर, तुम्ही कालच सांगत होतात, मोबाइलवर गोळ्यांची यादी आली म्हणून घरातल्या चौघांनी कोर्स केला. कुणाला काय झालं होतं?" "नाही, ते प्रिकॉशन म्हणून," म्हणाले. वा रे प्रिकॉशन! विडीवाल्या बाईने केलं की अडाणीपणा, आणि प्राध्यापकाने केलं की खबरदारी. गोळी तीच, भीती तीच. फरक इतकाच की सरांच्या गल्लीत पत्रे ठोकले तरी त्यांचा पगार बँकेत जमा होत होता. मी तोंडावर बोललो ते त्यांना लागलं, आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे.

त्या बाई वाचल्या. डॉक्टरांनी आणि नर्सनी जिवाचं रान केलं. पण एक डोळा गेला आणि दुसऱ्याला धूसर दिसतं. पानाची शीर दिसल्याशिवाय पान कापता येत नाही, म्हणून विडीचं काम सुटलं ते कायमचंच.

इथे खरं तर प्रकरण संपायला हवं. आरोपी अटकेत, मुद्देमाल जप्त, साक्षीदार डझनभर. मी खुशीत होतो. आणि एका सकाळी ठाण्याच्या फाटकाशी पंधरा-वीस बायका येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, जबाब द्यायला आल्या. पुढची म्हणाली, "साहेब, मुनीमाला सोडा. तवापासनं शाखा बंद हाय, पान मिळंना. आनि ताप आला तर आता आमी कुटं जायचं?"

मला इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. "लाज वाटत नाही? तुमच्यातल्या एकीचे डोळे घालवले त्याने! त्याला सोडा म्हणता?"

मग मागून कुणीतरी वाट काढत पुढे आलं. बघतो तर त्या सासूबाई.

"तुम्हीसुद्धा?" मी म्हणालो.

"व्हय, मी बी," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "डोळे गेले तिचे, साहेब. माज्या हातानं गेले, ते मी मरूस्तवर इसरत न्हाय. त्यो लबाड हाय, ठावं हाय मला. पन त्या दिवसात आमच्या दारात दोघंच आले. त्यो आला ते गोळी घिऊन आला. तुमी आला ते पत्रे घिऊन आला."

आदेशाचा कागद त्यांच्यापुढे धरणार होतो की काय? शिपायाला त्यांच्यासाठी चहा सांगितला. कुणी घेतला नाही. त्या गेल्या, आणि मी दोषारोपपत्र ठरल्याप्रमाणे कोर्टात पाठवलं. मुनीम आणि त्याचा मेव्हणा यांच्याबद्दल मला तेव्हा दया आली नाही आणि आजही येत नाही. लोकांच्या भीतीवर पोट भरणारा माणूस माझ्या लेखी दरोडेखोरापेक्षा वाईट.

पण या प्रकरणाने एक गोष्ट मला शिकवली ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. माणसाला आजाराची भीती वाटली तर तो डॉक्टरकडे धाव घेतो. त्याला डॉक्टरकडे जाण्याचीच भीती वाटायला लागली, की तो मुनीमाकडे जातो, कापलेली पुडी घेतो आणि तोंड मिटून बसतो. त्याला कितीही समजावा, पोस्टर लावा, अडाणी म्हणा. त्या बायकांना दुसरी भीती होती. ती आम्ही, म्हणजे सरकार, कारखाना, शेजारी आणि खाकी वर्दी, सगळ्यांनी मिळून हातोडा-खिळे घेऊन गल्लीच्या तोंडाला ठोकली होती. मुनीमाने आणि त्याच्या मेव्हण्याने फक्त तिच्यावर दुकान मांडलं. अटक मात्र त्या दोघांनाच झाली.